फाइल आहे पण सर्चमध्ये येत नाही: फॉरमॅट मारायच्या आधी एवढं पाहून घ्या

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहून घेतो, म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. त्रिमूर्ती नगरला घरी असेंबल केलेला डेस्कटॉप, विंडोज ११, गेल्या काही महिन्यांपासून सर्चमध्ये फाइलच येऊन नाही राहिली. काटोलच्या वावराचा सातबारा शोधला तर "नो आयटम्स मॅच युवर सर्च", आणि तीच फाइल नंतर हातानं फोल्डर उघडत गेल्यावर डी ड्राइव्हमध्ये बरोब्बर जागेवर. भाऊजींनी यूट्यूब पाहून इंडेक्स रीबिल्ड केला, फरक शून्य, आणि दुकानवाला म्हणाला विंडोज करप्ट झालं, फॉरमॅट मारावं लागेल.

फॉरमॅट नका मारू. निदान आत्ताच तरी नका मारू. माझ्याकडे सर्चची तक्रार घेऊन जेवढे लोक येतात त्यातल्या बहुतेकांचं सर्च बिघडलेलंच नसते. फाइल अशा जागी असते जिथं पाहायला सर्चला कोणी सांगितलंच नाही, नाही तं आपण टाइप करतो एक आणि फाइलमध्ये असते दुसरंच. फॉरमॅट केल्यावर जे नवीन विंडोज येईल तेसुद्धा डी ड्राइव्हमध्ये पाहणार नाही, कारण त्याची फॅक्टरी सेटिंगच तशी आहे. म्हणजे पैसे गेले, डेटा इकडून तिकडे झाला, आणि सर्च होतं तसंच.

हे होते कसं ते सांगतो, मंग पुढचं सगळं सोपं जाईल. विंडोज दरवेळी पूर्ण हार्ड डिस्क चाळत बसत नाही, त्यानं आधीच एक यादी करून ठेवलेली असते, तिला इंडेक्स म्हणतात, आणि आपण सर्च मारलं की ते त्या यादीत पाहून उत्तर देते. अपार्टमेंटच्या गेटवरचा वॉचमन जसा रजिस्टर पाहून सांगतो की अमुक माणूस इथं राहत नाही, घरोघरी जाऊन बेल वाजवत नाही, तसंच. आता रजिस्टरमध्ये फक्त ए विंगचीच नावं असतील आणि तुम्ही बी विंगमध्ये राहत असाल तं वॉचमनचं काय चुकलं. भाऊजींनी रीबिल्ड केलं म्हणजे तेच ए विंगचं रजिस्टर पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहून काढलं, बी विंग त्यात आलीच नाही, म्हणून फरक पडला नाही.

आपल्याकडे हा घोळ जास्त काहून होते तर आपली सवय. असेंबलवाला पीसी देताना सी, डी, ई असे पार्टिशन पाडून देतो आणि सांगतो की महत्त्वाचं सगळं डी मध्ये ठेवा, सी उडाला तरी डेटा वाचते. आपण इमानदारीनं तसंच करतो. विंडोजचा हिशेब मात्र वेगळा आहे, ते धरून चालते की माणूस डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, डेस्कटॉप इथंच सगळं ठेवणार. क्लासिक नावाचा जो मूळचा मोड आहे त्यात इंडेक्स साधारण तेवढ्याच जागांचा होतो. डी मधला पंधरा वर्षांचा संसार त्याला माहीतच नसते.

तरीही माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः तपासा, पाच मिनिटांचं काम आहे. अशी एक फाइल घ्या जी कुठं आहे हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, तुमचा तो सातबाराच घ्या. आधी स्टार्टमध्ये तिचं नाव टाका. मंग फाइल एक्सप्लोरर उघडा, उघडल्या उघडल्या होम दिसते, तिथून शोधा. आणि तिसऱ्यांदा थेट डी ड्राइव्हमधल्या त्याच फोल्डरमध्ये जाऊन उजवीकडच्या वरच्या डब्यात तेच नाव टाका. पहिल्या दोन ठिकाणी नाही आली आणि त्या फोल्डरमध्ये उभं राहून शोधल्यावर आली, तं विषय संपला, इंडेक्समध्ये डी नाही एवढंच. फोल्डरमध्ये उभं राहिलं की विंडोज यादी नसली तरी खरोखर एकेक फाइल चाळते, हळू चाळते, थोडा वेळ लागते, पण नाव सापडून जाते. फाइल डोळ्यांसमोर असून त्याच फोल्डरमध्येही नाही आली, तर प्रश्न तुमच्या शब्दाचा आहे, त्यावर खाली सविस्तर लिहितो. आणि एक्सप्लोररमध्ये येते पण स्टार्टचा सर्च पांढरा फट्ट दिसते किंवा उघडतच नाही, तर तो तिसराच आजार.

पहिल्याचं औषध. आता गंमत अशी की जिथं तिथं लिहिलेलं असते "सर्चमध्ये इंडेक्सिंग ऑप्शन्स टाइप करा", अरे पण सर्चच चालत नाही म्हणून तर आलो ना बाप्पा! तर विंडोजचं बटण दाबून आर दाबा, रनचा छोटा डबा येईल, त्यात इंग्रजीत कंट्रोल लिहून एंटर मारा, कंट्रोल पॅनल उघडेल. उजवीकडे वर व्ह्यू बाय असते ते लार्ज आयकॉन्स करा म्हणजे इंडेक्सिंग ऑप्शन्स दिसेल. त्याच्या सगळ्यात वरच्या ओळीत किती आयटम इंडेक्स झाले तो आकडा असते आणि खाली "इंडेक्सिंग कम्प्लीट" किंवा चालू आहे असं काहीतरी. ही ओळ लोक पाहतच नाहीत आणि खरं निदान तिथंच असते. त्याखालच्या यादीत डी दिसत नाही ना, तं मॉडिफाय दाबा, डी उघडा, आणि ज्या फोल्डरांमध्ये तुमचे कागदपत्रं आहेत त्यांना टिक करा.

आख्ख्या डी ला टिक मारू नका हे माझं मत. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन सर्चिंग विंडोज पाहिलं, नवीन अपडेटमध्ये ते नुसतं सर्च म्हणून दिसू शकते, तिथं एन्हान्स्ड नावाचा मोडही आहे. तो पूर्ण पीसीचा इंडेक्स करतो, विंडोज १० च्या २०१९ च्या मे अपडेटपासून आहे तो. बरेच जण तोच सुचवतात कारण सांगायला सोपा, एक क्लिक. पण घरच्या पीसीवर डी मध्ये काय असते, लग्नाचे हजारो फोटो, मुलांचे गेम, जुने सॉफ्टवेअरचे सेटअप, कोणाच्या तरी जुन्या लॅपटॉपचा पूर्ण बॅकअप. मायक्रोसॉफ्टच स्वतः सांगते की ४ लाखांच्या वर आयटम गेले की कामगिरीवर परिणाम दिसायला लागू शकतो आणि मर्यादा साधारण १० लाखांची आहे. गेमच्या एकेका फोल्डरमध्ये बारीकसारीक फाइली किती असतात ते एकदा प्रॉपर्टीज मारून पाहा. मंग साधी हार्ड डिस्क असलेला पीसी दिवसभर घरघर करत राहते आणि तोच माणूस पुढच्या महिन्यात म्हणतो पीसी स्लो झाला. कागदपत्रं, मुलांचा अभ्यास, बँकेचं, घराचं, एवढे फोल्डर द्या, बस्स. आणि एन्हान्स्ड ठेवायचाच असेल तर त्याच पानावर खाली वगळलेल्या फोल्डरांची यादी असते तीही पाहा, कधी कधी आपलंच फोल्डर तिथं कोणीतरी टाकून ठेवलेलं असते.

टिक मारल्यावर लगेच शोधू नका, आकडा वाढत जाईल, तो थांबून इंडेक्सिंग कम्प्लीट येऊ द्या. तुम्ही पीसीवर काम करत असाल तर इंडेक्सिंग मुद्दाम हळू होते, आणि लॅपटॉप असेल व चार्जरला नसेल तर आणखीनच मंद. रात्री चालू ठेवून झोपा, स्लीपमध्ये जाणार नाही एवढं पाहून घ्या.

इथं एक नागपूरचा मुद्दा. मे महिन्यात, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत तर विचारूच नका, पारा ४५ च्या वर, दर घरी कूलर नि एसी, आणि लाइट दिवसातून कितीदा झपकन जाईल याचा नेम नाही. डेस्कटॉपला यूपीएस नसेल किंवा यूपीएस आहे पण बॅटरी मेलेली, तर इंडेक्सची फाइल लिहिता लिहिताच पीसी बंद पडतो. ती काही साधी टेक्स्ट फाइल नाही, डेटाबेस आहे, सी ड्राइव्हमधल्या प्रोग्रामडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असते, आणि असं अर्ध्यात तुटलं की कधी कधी खराब होते. त्याची खूण अशी की आकडा एका जागी अडकून बसतो, किंवा रोज सकाळी पुन्हा शून्यापासून सुरू होते, किंवा जुन्या फाइली सापडतात आणि मागच्या आठवड्यातली एकही नाही. असं असेल तर आणि तरच रीबिल्ड. इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड, तिथं रीबिल्डचं बटण. तुमची एकही फाइल त्यानं डिलीट होत नाही, फक्त यादी पुसून नवीन बनते, त्यामुळे घाबरू नका, पण बनेपर्यंत काही तास सर्च अर्धवट उत्तरं देईल. यूपीएस दुरुस्त केल्याशिवाय रीबिल्ड करणं म्हणजे पुढच्या लाइट जाण्यापर्यंतचीच सोय.

आणि रीबिल्डच्या आधी हार्ड डिस्कची तब्येत पाहा, हे कोणी सांगत नाही. रीबिल्ड करताना डिस्कवरच्या त्या सगळ्या फाइली एकामागून एक वाचल्या जातात, डिस्क मरायला टेकलेली असेल तर हा मार तिला सोसत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, उघडलं की वर निळ्यात गुड किंवा पिवळ्यात कॉशन लिहून येते. खाली यादीत रिअलोकेटेड सेक्टर्स आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळींवर नजर टाका. पिवळं दिसलं तर सर्चबिर्च सगळं बाजूला ठेवा, आधी महत्त्वाचा डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या, बाकी मंग पाहू. डिस्क चांगली असेल पण आकडा तिथंच अडकत असेल तर सी ड्राइव्हमध्ये जागा किती उरली तेही पाहा. सी लाल झालेला असेल तर इंडेक्स लिहायला जागा कुठून येणार.

सर्व्हिस बंद असणं हाही प्रकार भरपूर पाहायला मिळते. पीसी फास्ट करून देतो म्हणून कोणी ट्यूनअप करून दिलेला असते आणि त्यात विंडोज सर्चची सर्व्हिसच बंद केलेली असते, किंवा ते "लाइट" नावाचं कापून-छाटून बनवलेलं विंडोज टाकलेलं असते ज्यात सर्चचे भागच काढून टाकलेत. दुसऱ्या प्रकाराला इलाज नाही, त्याला ओरिजिनल विंडोजच टाकावं लागते, फॉरमॅटचा सल्ला मी फक्त इथंच देतो. पहिल्या प्रकारात रनमध्ये इंग्रजीत सर्व्हिसेस डॉट एमएससी लिहून एंटर मारा, यादीत खाली जाऊन विंडोज सर्च शोधा, डबल क्लिक, स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट करा आणि स्टार्ट दाबा. सर्व्हिस बंद असेल तर इंडेक्सिंग ऑप्शन्सच्या खिडकीतच इंडेक्सिंग चालू नाही असं लिहून येते, त्यामुळे लगेच कळते.

आता शब्दांचा प्रश्न, आणि मराठी माणसाची खरी पंचाईत इथंच आहे.

सातबाराचंच घ्या. आपण कागदावर ७/१२ लिहितो, पण फाइलच्या नावात तिरपी रेघ विंडोज चालूच देत नाही. म्हणून कोणी ७-१२ ठेवलं, कोणी ७१२, कोणी मधे अंडरस्कोर, कोणी इंग्रजीत सातबारा, कोणी मराठीत. एकाच घरात तीन जणांनी तीन प्रकारे. त्यात आकडे मराठी की इंग्रजी, मराठी बारा शोधलं तर इंग्रजी बारा येईलच असं नाही. शिवाय इंडेक्सवरचा सर्च शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतो, म्हणजे फाइलचं नाव सगळं चिकटवून काटोलसातबारा असं ठेवलं असेल आणि तुम्ही नुसतं सातबारा टाकलं तर बरेचदा येत नाही. तेव्हा शब्दाच्या आधी ती चांदणी (*) लावा, स्टार म्हणतो आपण, मंग मधला तुकडाही सापडते. पुढच्या वेळी नाव ठेवतानाच शब्दांमध्ये स्पेस द्या, कटकटच नाही.

दुसरं, कृतिदेव, म्हणजे मराठी टायपिंगचा तो जुना फॉन्ट. नागपुरात ज्यांनी डीटीपी केलं, ज्यांच्याकडे शाळेचे पेपर, सोसायटीची पत्रं, वकिलाचे जुने मसुदे आहेत, त्यांच्या अर्ध्या फाइली कृतिदेवमध्ये असतात. स्क्रीनवर मराठी दिसते पण फाइलच्या आत मराठी नसतेच, इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठीचा चेहरा देतो. तुम्ही कृतिदेवमध्ये नागपूर टाइप केलं की फाइलमध्ये प्रत्यक्षात यू के एक्स आय डब्ल्यू जे अशी सहा अक्षरं जातात. आता तुम्ही सर्चमध्ये युनिकोडचं, म्हणजे मोबाइलवर लिहितो त्या खऱ्या मराठी अक्षरांचं, नागपूर टाकणार, ते कसं काय जुळणार? जुळणारच नाही, इंडेक्स हजारदा रीबिल्ड करा. यावर जुगाड असा की वर्डमध्ये कृतिदेव फॉन्ट घेऊन तो शब्द टाइप करा, कॉपी करा आणि सर्चच्या डब्यात पेस्ट करा. डब्यात ती अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतील, दिसू द्या, एंटर मारा. जुन्या फाइली अशा भसाभसा निघतात की माणूस पाहतच राहतो. फक्त शब्द निवडताना य, श, ण, ध, ख असलेले शब्द टाळा, कारण कृतिदेवमध्ये ही अक्षरं अर्धविराम, पूर्णविराम, कंस, तिरपी रेघ असल्या चिन्हांपासून बनतात, आणि सर्च त्या चिन्हावर शब्द तोडून टाकतो. नागपूर, काटोल, कोराडी असले साधे शब्द घ्या. कायमचा इलाज म्हणाल तर फाइली युनिकोडमध्ये बदलून घेणे, कन्व्हर्टर भरपूर आहेत, पण बदललेली फाइल नीट वाचून मगच जुनी काढा, जोडाक्षरं हमखास बिघडतात.

युनिकोडमध्ये असलं म्हणजे सुटलो असंही नाही. वऱ्हाड लिहिताना तो जो र आहे तो दोन प्रकारांनी टाइप होते. एक म्हणजे खाली टिंब असलेला र घेऊन पाय मोडायचा, दुसरा म्हणजे साधा र, पाय मोडून, त्यामागे एक न दिसणारं जोडणीचं अक्षर. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगवेगळे शब्द. मोबाइलच्या कीबोर्डवर लिहिलेलं पीसीच्या कीबोर्डवर टाइप करून सापडत नाही त्यामागे बरेचदा हे असते. सोपा उपाय, शब्दातला तो भागच टाळा, दुसरा एखादा शब्द शोधा.

फाइलच्या आतला मजकूर शोधायचा असेल तर आणखी दोन गोष्टी. इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डला फाइल टाइप्स नावाचा टॅब आहे, तिथं पीडीएफ आणि वर्डच्या प्रकारांसमोर "इंडेक्स प्रॉपर्टीज अँड फाइल कंटेंट्स" निवडलेलं पाहिजे, आणि समोर "रजिस्टर्ड आयफिल्टर इज नॉट फाउंड" असं लिहून येत असेल तर त्या प्रकारच्या फाइलीचं पोट उघडणारं साधन हरवलंय. जुना एखादा पीडीएफ रीडर टाकला-काढला की असं होऊ शकते, रीडरची ताजी आवृत्ती टाकून पाहा. तसंच फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, तिथं आतला मजकूर इंडेक्स करायला परवानगी देणारी टिक असते, ती निघालेली असेल तर फक्त नावं येतील.

आणि तुमचा सातबारा मोबाइलनं फोटो काढून पीडीएफ बनवलेला असेल, तर त्याच्या आत मजकूर नाहीच हो, तो फोटोच आहे. पीडीएफ उघडून एखाद्या शब्दावर माउस ओढून पाहा, अक्षरं निळी झाली तर मजकूर आहे, आख्खं पान एकदम निवडलं गेलं किंवा काहीच नाही झालं तर फोटो. अशा फाइलीला नावाशिवाय दुसरा पत्ता नसते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलींचं तर नावही धड नसते, डॉक, मंग तारखेचे आठ आकडे, मंग डब्ल्यूए आणि नंबर. ती सातबारा लिहून कधीच सापडणार नाही. साधारण कधी आली ते आठवा आणि एक्सप्लोररमध्ये काहीतरी शोधल्यावर वर सर्च ऑप्शन्स येते त्यात डेट मॉडिफाइड वापरा, मागचा आठवडा, मागचा महिना असं निवडता येते. आल्या आल्या नाव बदलून ठेवणं उत्तम, पण आपल्याकडे ते कोण करते.

वनड्राइव्हचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचं, एक वाक्यात संपत नाही म्हणून दोन वाक्यं. विंडोज ११ सेट करताना बॅकअपला हो म्हटलं गेलं असेल तर तुमचं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स गुपचूप वनड्राइव्हच्या फोल्डरात सरकलेलं असते, आणि लोक युजर्समधलं जुनं डेस्कटॉप उघडून रिकामं पाहून घाबरतात. ज्या फाइलीसमोर नुसतं ढगाचं चिन्ह आहे ती प्रत्यक्ष पीसीवर उतरलेलीच नाही, तिचं नाव सापडेल पण आतला मजकूर शोधून मिळणार नाही, राइट क्लिक करून "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" करावं लागेल.

राहिला स्टार्टचा पांढरा सर्च. टास्क मॅनेजर उघडून सर्च किंवा सर्चहोस्ट नावाची प्रोसेस एंड टास्क करा, ती आपोआप पुन्हा उठते, तसंच विंडोज एक्सप्लोररला रीस्टार्ट. डब्यात टाइपच होत नसेल तर रनमध्ये सीटीएफमॉन लिहून एंटर, कीबोर्डच्या भाषा सांभाळणारा प्रोग्राम आहे तो, बंद पडला की स्टार्टमध्ये अक्षर उमटत नाही. कधी कधी दोष तुमच्या घरातलाही नसते. ५ फेब्रुवारी २०२० ला जगभर विंडोज १० चं सर्च असंच कोरं झालं होतं, कारण स्टार्टचं सर्च बिंगला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट सर्चला जोडलेलं आणि गडबड त्या बाजूला झालेली. त्या दिवशी ज्यांनी फॉरमॅट मारले त्यांचं काय झालं असेल विचार करा. म्हणून इंटरनेट बंद करून एकदा शोधून पाहा, बंद केल्यावर चालत असेल तर पीसी निर्दोष. दुसरी तपासणी, नवीन युजर अकाउंट बनवून त्यात पाहा, तिथं चालत असेल तर तुमचं प्रोफाइल बिघडलंय, विंडोज नाही. दोन्हीत नाही चाललं तर मात्र कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून सिस्टिम फाइल तपासणीची कमांड, एसएफसी स्लॅश स्कॅननाऊ, एसएफसीनंतर एक स्पेस, चालवा आणि ती पूर्ण होईपर्यंत मधे बंद करू नका.

एवढं सगळं करायचा कंटाळा असेल किंवा आजच्या आजच फाइल पाहिजे असेल तर व्हॉइडटूल्सचं एव्हरीथिंग नावाचं छोटं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, त्यांच्या स्वतःच्याच साइटवरून घ्या. ते विंडोजच्या इंडेक्सच्या भानगडीतच पडत नाही, एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीच्या ड्राइव्हची, जी मूळ नोंदवही असते तीच वाचते, त्यामुळे सी-डी-ई सगळं धरून टाइप करता करता नावं येतात, शब्दाच्या मधला तुकडासुद्धा. मी कुठंही गेलो की आधी हेच टाकतो. त्यात फाइल दिसते आणि विंडोजमध्ये दिसत नाही म्हटलं की दोष इंडेक्सचा, त्यातही दिसत नाही म्हटलं की फाइलचं नाव वेगळं आहे किंवा ती डिलीट झाली, निदानाचं निदानही होते. मर्यादा ही की ते नावावरचं काम आहे, आतल्या मजकुरासाठी विंडोजचाच इंडेक्स बरा.

तुमच्या बाबतीत ताई, मला नव्वद टक्के वाटते की डी चे दोन-तीन फोल्डर मॉडिफायमधून जोडले, रात्रभर पीसी चालू ठेवला की सातबारा स्टार्टमधूनच निघेल. भाऊजींना म्हणा आता रीबिल्ड नका करू. नाहीच निघाला तर इंडेक्सिंग ऑप्शन्सच्या खिडकीचा फोटो पाठवा, वरची आकड्याची ओळ आणि खालची यादी दोन्ही दिसली पाहिजे, सोबत क्रिस्टलडिस्कइन्फोचा एक, आणि फाइलचं नाव जसंच्या तसं कॉपी करून, टाइप करून नाही.